बीट चौकीला कुलूप असेल तर जाब कुणाला विचारायचा?

प्रश्न : आमच्या वसाहतीत दिवाळीपासून तीन बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं मोटारसायकलवरून आलेल्यांनी ओढून नेली. तिन्ही वेळा सकाळी, फिरायला जाताना. कोपऱ्यावरच्या बीट चौकीला कायम कुलूप. नगरसेवकांकडे गेलो तर ते म्हणाले, "पोलीस आमच्या हाताखाली नाहीत." पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, "तुमच्या रस्त्यावर दिवे नाहीत, झाडं माजलीत, ते महापालिकेला सांगा." महापालिकेला पोलिसांना जाब विचारता येतो की नाही, एवढं एकदा स्पष्ट सांगा.
— एक निवृत्त शिक्षिका (नाव-गाव छापू नये ही विनंती)

उत्तर : बाई, तुम्हाला दोघांनीही खरं सांगितलं आणि दोघांनी मिळून घरी पाठवलं. मला राग येतो तो याचाच.

कायदा असा आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत 'पोलीस' हा विषय राज्याच्या यादीत आहे. 74व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून महापालिका-नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची आली, तिच्यात 18 विषय आहेत. रस्ते आहेत, पाणी आहे, स्मशानभूमी आहे, कोंडवाडाही आहे. पोलीस नाहीत. म्हणून महापौरसुद्धा पोलीस निरीक्षकाला 'उद्या माझ्यासमोर हजर राहा' असा हुकूम काढू शकत नाहीत. पण त्याच अनुसूचीत रस्त्यावरचे दिवे स्पष्ट लिहिलेले आहेत. म्हणजे नगरसेवकांनी पोलिसांकडे बोट दाखवलं तेव्हा त्यांच्या स्वतःच्या ताब्यातला अर्धा प्रश्न तसाच पडून होता.

हा घोळ आजचा नाही. मुंबईत एके काळी शहर पोलिसांच्या खर्चाचा वाटा महापालिकेच्या तिजोरीतून जायचा आणि हुकूम मात्र सरकारचा चालायचा. पैसे आम्ही द्यायचे आणि विचारायचं काहीच नाही का, यावर वर्षानुवर्षं भांडण झालं. शेवटी 1907 च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने उचलला आणि बदल्यात प्राथमिक शिक्षण आणि दवाखान्यांचा भार महापालिकेवर आला. पैशाचा हिशेब मिटला, विचारण्याच्या हक्काचं मात्र काहीच ठरलं नाही.

मी दोन वेळा नगरसेविका होते. पहिल्या खेपेला निवडून आले तेव्हा तुमच्यासारखंच प्रकरण माझ्या पदरात पडलं. आमच्या प्रभागात कालव्याच्या कडेने एक रस्ता जातो, पहाटेपासून बायका तिथे फिरायला येतात. चार महिन्यांत तिथे पाच जणींचे दागिने गेले. आणि त्या रस्त्यावर कॅमेरा होता! माझ्या आधीच्या नगरसेवकांनी प्रभाग निधीतून बसवलेला. मी पोलीस ठाण्यात जाऊन विचारलं, फुटेज कुठे आहे? त्यांनी पडद्यावर दाखवलं. रात्रीचं सगळं स्वच्छ दिसत होतं, कुत्री, दूधवाला, पेपरवाला. सहाला काळोख. चोऱ्या साडेसहा ते सातच्या दरम्यानच्या.

दुसऱ्या दिवशी विद्युत विभागाचा वायरमन शिडी घेऊन आला. वर चढला, पेटी उघडली आणि वरूनच ओरडला, "ताई, हा तर दिव्याच्याच लाइनवर आहे!" कॅमेऱ्याला वीज दिली होती रस्त्यावरच्या दिव्यांच्या वायरीतून. सकाळी सहाला टायमरने दिवे बंद झाले की कॅमेराही बंद व्हायचा आणि संध्याकाळी दिव्यांबरोबर चालू. म्हणजे दिवसभर आंधळा. बसवल्यापासून आठ महिने हे असंच चाललं होतं. विद्युत विभागाला वाटायचं कॅमेरे पोलिसांचे, पोलिसांना वाटायचं महापालिकेचे. ज्या बायकांचं सोनं गेलं त्यातल्या एकीने नातीच्या लग्नासाठी ते मोडायचं ठरवलं होतं. शिडीखाली उभी राहून तिने ते ऐकलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेली. तिचं ते बघणं मी विसरलेले नाही.

वेगळी वायर ओढून घ्यायला मला तीन महिने लागले. तोपर्यंत मला एवढं कळलं होतं की हुकूम करता येत नसला तरी विचारता येतं, आणि विचारलेलं कागदावर उतरलं तरच टिकतं.

तेव्हा तुमच्या नगरसेवकांना परत भेटा. "पोलिसांना सांगा" असं म्हणू नका, "संयुक्त पाहणी लावा" असं म्हणा. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, आणि ती वेळ सकाळी साडेसहाचीच असू द्या, विद्युत विभागाचा अभियंता, उद्यान विभागाचा माणूस आणि पोलीस ठाण्याचा एक अधिकारी त्या रस्त्यावर एकत्र चालले पाहिजेत. उद्यान विभाग कशाला, असं वाटेल. आमच्याकडे दोन दिवे गुलमोहराच्या फांद्यांत अडकले होते, आणि फांद्या छाटायच्या तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. विद्युत विभाग कितीही बल्ब बदलो, उजेड खाली पडणार नव्हता. पाहणीच्या शेवटी जागेवरच कागद करा. काय दिसलं, कुणी काय करायचं, कोणत्या तारखेपर्यंत. सगळ्यांच्या सह्या. साध्या वहीच्या पानावर झाला तरी चालेल.

पुढची पायरी प्रभाग समितीची. मोठ्या शहरांत प्रभाग समित्या असतात, तिथे महापालिकेचे अधिकारी उत्तरं द्यायला बांधील असतात. पोलीस नसतात, पण त्यांना निमंत्रण देता येतं. आमच्या समितीने निमंत्रण पाठवलं तर पहिल्या सभेला एक हवालदार आले, बिचारे मागच्या खुर्चीत बसून राहिले, त्यांना कसलीच माहिती नव्हती. दुसऱ्या सभेला कुणीच नाही. मी इतिवृत्तात लिहून घेतलं, 'पोलीस ठाण्यास निमंत्रण पोहोचले, प्रतिनिधी अनुपस्थित', आणि त्याची प्रत पोलीस उपायुक्तांना पाठवली. तिसऱ्या सभेला पीआय साहेब, म्हणजे ठाण्याचे पोलीस निरीक्षक, स्वतः आले. रागावलेले होते. पण आले, आणि नंतर नियमित येत राहिले. ते वाईट अधिकारी नव्हते हेही सांगते. अतिक्रमण काढायला महापालिकेला पोलीस बंदोबस्त लागतो, आणि सिग्नल, पट्टे, गतिरोधक, बंद पडलेल्या इमारती, अडवलेले फुटपाथ यांच्यासाठी पोलिसांना महापालिका लागते. दोघांची गरज दोघांना आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं.

चौकीच्या कुलपाबद्दल. बीट अंमलदार आळशी आहे म्हणून चौकी बंद असते असं धरून चालू नका. सण, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे, कोर्टाची समन्स, आरोपींची ने-आण, या सगळ्यासाठी माणसं चौकीतूनच उचलली जातात. 'चौकी चोवीस तास उघडी ठेवा' अशी मागणी केलीत तर ती कुणी मनावर घेणार नाही. त्याऐवजी सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मागा, आणि दारावर पाटी मागा. पाटीवर वेळ, बीट अंमलदाराचं नाव आणि मोबाइल नंबर. नंबर बदलला की पाटीही बदलायची. गस्तीचंही तसंच. पूर्वी बँकेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर पेटीत वही असायची, गस्तीवाला तिच्यात वेळ टाकून सही करायचा. आता बऱ्याच शहरांत क्यूआर कोड लावलेत, बीट मार्शल मोबाइलने ते स्कॅन करतात. तुमच्या रस्त्यावर असा पॉइंट आहे का, ते विचारा. नसेल तर तो द्या म्हणून अर्ज करा. ही मागणी छोटी आहे आणि मान्य होते.

तपासात कोण संशयित आहे, कुणाला उचललं, हे मात्र सभेत विचारू नका. ते सांगणं पोलिसांना शक्य नसतं आणि सांगूही नये. विचारायचं ते असं : या बीटमध्ये गेल्या सहा महिन्यांत किती गुन्हे दाखल झाले, किती उघडकीस आले, गस्त कोणत्या वेळी होते, आणि चोऱ्या सकाळच्या असताना गस्त मध्यरात्री का होते?

प्रश्न : आम्ही आठ सोसायट्यांच्या तरुणांनी मिळून रात्री 12 ते 4 गस्त सुरू केली आहे. अनोळखी फेरीवाले, भंगारवाले, डोंबारी असे कुणी फिरताना दिसले की फोटो काढून ग्रुपवर टाकतो. त्यामुळे बराच वचक बसला आहे. आमच्या नगरसेवकांनी जॅकेट आणि लाठ्या द्यायचं कबूल केलं आहे. आणखी काय करता येईल?

उत्तर : दादा, जॅकेट घ्या. लाठ्या परत करा. आणि ते फोटो आजच्या आज काढून टाका.

तुमची तळमळ खरी आहे. झोप मोडून चार तास रस्त्यावर उभं राहणं सोपं नसतं. पण तुमचं पत्र वाचताना मला राईनपाडा आठवला. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हेच त्यांच्या समाजाचं पिढ्यान् पिढ्यांचं जगणं. त्या दिवसांत मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती. एवढ्यावरून जमावाने त्यांना पकडलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. पाचही जणांना. ज्या खोलीत गावाची सभा भरते, जिथे जन्माचे-मृत्यूचे दाखले मिळतात, त्या खोलीत. त्यांच्याविरुद्ध पुरावा काय होता? ते अनोळखी होते.

तुमच्या यादीत जे आहेत, फेरीवाले, भंगारवाले, डोंबारी, ती यादी तुम्ही केलेली नाही. ती आपल्या डोक्यात आधीपासून आहे. 1871 मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरली. सोलापुरात तारेच्या कुंपणात त्यांना ठेवलं होतं, हजेरी द्यावी लागे. 31 ऑगस्ट 1952 रोजी ते मुक्त झाले, म्हणून तर विमुक्त म्हणायचं. आणि आज तुमच्या ग्रुपवर, फोटोच्या रूपाने, तीच हजेरी परत सुरू झाली आहे. मंगळसूत्र ओढणारा चोरही भंगारच्या हातगाडीवरून येत नाही, तो चांगल्या मोटारसायकलवरून, हेल्मेट घालून येतो. त्याचा फोटो तुमच्या ग्रुपवर एकही नसणार.

माझ्याच प्रभागात एकदा मुलांनी एका भंगार वेचणाऱ्या बाईला धरलं. पोत्यात लोखंडी सळ्यांचे तुकडे होते, बांधकामावरून चोरले असं मुलांचं म्हणणं. मी पोचले तेव्हा ती चौकीच्या बाकावर बसली होती आणि तिचं लहान पोर त्या पोत्याला मिठी मारून होतं, कुणी ते नेऊ नये म्हणून. अंमलदारांनी बांधकामाच्या मुकादमाला फोन लावला. मुकादम म्हणाला, "मीच दिलंय की, साफसफाईच्या बदल्यात." पाच मिनिटांचं काम होतं. पण तोवर तिच्या तोंडावर मारल्याचे वळ उठले होते आणि मारणाऱ्यांपैकी दोघं माझ्या प्रचारात फिरलेले होते. त्या मुलांना मी तिची माफी मागायला लावली. तिने मान वर केली नाही.

कायद्याचं म्हणाल तर, तुमच्या डोळ्यांसमोर कुणी दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करत असेल तर सामान्य माणूसही त्याला धरू शकतो, पण विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. संशयावरून कुणाला थांबवायचा, झडती घ्यायचा, आधार कार्ड मागायचा अधिकार तुम्हाला नाही. जॅकेट घातल्याने तो येतही नाही. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, पाच किंवा अधिक जणांनी जात, समाज, भाषा, जन्मस्थान असल्या कारणांवरून मिळून जीव घेतला तर प्रत्येकाला जन्मठेप किंवा फाशीची तरतूद आहे. तुमच्या ग्रुपमधल्या कोवळ्या पोरांना हे वाचून दाखवा.

गस्त बंद करा असं मी म्हणत नाही. पोलीस ठाण्यात नावं नोंदवून पोलीस मित्र व्हा, दोघा-दोघांनी फिरा, शिट्टी आणि बॅटरी जवळ ठेवा, काही दिसलं तर 112 ला फोन करा आणि लांबून नजर ठेवा. महिन्यातून एकदा बीट अंमलदाराला सोसायटीत चहाला बोलवा. आणि त्या बैठकीला वॉचमन, कामवाल्या मावश्या, नेहमीचा भाजीवाला, इस्त्रीवाला यांनाही बसवा. रस्त्यावर काय चाललंय ते तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

हे मी मनचं सांगत नाही. भिवंडीत 1970 ला आणि 1984 ला भयंकर हिंदू-मुस्लिम दंगली झाल्या. 1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून गेले. त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यात समित्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं त्यांत बसवली, पुढारी कमी आणि दुकानदार, कामगार जास्त, आणि प्रत्येक समितीला ठाण्यातलाच पोलीस जोडून दिला. नळावरची भांडणं, घरातले तंटे, असलं बारीकसारीक तिथे यायचं. पोलिसाला माणसं नावाने ओळखू लागली आणि माणसांना पोलीस. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नंतर मुंबईतही मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी यांनी त्या कामाला हात लावला. भिवंडीत अनोळखी माणसांचे फोटो काढायची वेळ आली नाही, कारण ओळख वाढवणं हेच काम होतं.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. ग्रामसभेत दोनदा दारूबंदीचा ठराव केला तरी गावठी दारू चालूच आहे. पुन्हा मतदान घ्यावं का?

उत्तर : ताई, इथे दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे, आणि ती खूप गावांत होते. उभी बाटली-आडवी बाटली असं मतदान असतं ते परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी. त्यासाठी चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्या, पडताळणी, मग मतदान, असा रस्ता आहे. तुमच्या गावातली हातभट्टी बेकायदाच आहे. चोरीवर मतदान घेतो का आपण? तिथे तक्रारच द्यायची.

पोलीस पाटलांना लेखी कळवा. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने गावातल्या गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे त्यांचं कर्तव्यच आहे. ठरावाची प्रत पोलीस ठाणे, राज्य उत्पादन शुल्क विभाग आणि पोलीस अधीक्षक या तिघांना पाठवा आणि पोच घ्या. 2016 मध्ये दारूबंदी कायद्यात ग्रामरक्षक दलाची तरतूद आली आहे, तीही वापरा. फक्त एक जपा. तक्रार ग्रामपंचायतीच्या नावाने आणि शिक्क्याने जाऊ द्या, एकेकट्या बाईच्या सहीने नको. भट्टीवाल्याची माणसं रात्री सहीवालीच्या दारात येतात. हे मी पाहिलेलं आहे.

प्रश्न : मुलाकडे लंडनमधल्या हॅरोला आलो आहे. इथले नगरसेवक पोलिसांना सभेत बसवून प्रश्न विचारतात, हे पाहून नवल वाटलं. आपल्याकडे असं का नाही?

उत्तर : काका, तिथे 1998 च्या कायद्याने गुन्हे कमी करण्याची जबाबदारी पोलीस आणि स्थानिक कौन्सिल या दोघांवर मिळून टाकली. जबाबदारी एकत्र असली की एकमेकांकडे बोट दाखवणं अवघड होतं. शिवाय हे काम नीट चाललंय का, ते तपासायला नगरसेवकांची समिती असते, ती तुम्ही पाहिली असावी. लंडनमध्ये पोलिसांवर देखरेखीचं काम महापौरांकडे आहे. लंडनबाहेर बहुतेक ठिकाणी 2012 पासून त्यासाठी थेट निवडून आलेले आयुक्त असतात. तेही सगळ्यांना पटलं असं नाही, ते पद 2028 मध्ये रद्द करणार असं तिथल्या सरकारने नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं आहे.

मला हेवा वाटतो तो त्या सभेचा नाही, दोन साध्या गोष्टींचा. एक, कोणत्या रस्त्याच्या आसपास कोणत्या महिन्यात किती गुन्हे झाले, ते नकाशावर कुणालाही पाहता येतं. दोन, लंडनमध्ये वॉर्डावॉर्डात रहिवाशांची समिती असते आणि तिथल्या पोलिसांनी आधी कशाकडे लक्ष द्यायचं, हे ती सुचवते. तुम्ही तिथे आहात तोवर एखाद्या बैठकीला बसून या आणि काय काय विचारलं गेलं ते मला लिहून पाठवा. खरंच पाठवा. नकाशा आपणही करू शकतो. मी प्रभागाचा नकाशा खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवला होता आणि प्रत्येक घटनेला लाल टिकली लावायचे, कपाळावर लावतो तीच. टिकल्या कालव्याच्या पुलाजवळ इतक्या दाट झाल्या की नाकाबंदी कुठे हवी हे पीआय साहेबांना सांगावं लागलं नाही.

प्रश्न : एसटी स्टँडबाहेर माझ्या हातातून मोबाइल हिसकावून नेला. पोलीस ठाण्यात 'मोबाइल गहाळ झाल्याचा' दाखला दिला आणि विम्यासाठी एवढं पुरे म्हणाले. पुरे आहे का?

उत्तर : नाही. आणि तुमच्या या तीन ओळींच्या पत्रात वरच्या सगळ्या पत्रांचं मूळ आहे.

माझ्या काळात एका सभेला पोलीस ठाण्याकडून माहितीचा तक्ता आला. त्यात 'जबरी चोरी : निरंक' असं लिहिलेलं. आणि त्याच सभागृहात माझ्यामागे अशा दोघी बसल्या होत्या, ज्यांच्या हातातून पर्स ओढून नेल्या होत्या! दोघींकडेही गहाळ दाखले होते. कागदावर गुन्हाच नाही, मग गस्त कशाला वाढेल, दिवा कशाला लागेल, नगरसेवक प्रश्न तरी कशाच्या जोरावर विचारेल? ठाण्यातल्या माणसावरही आकडे कमी ठेवायचं दडपण असतं, ते मला कळतं. पण त्या दडपणाची किंमत तुम्ही का द्यायची?

हातातून हिसकावून नेणं हा भारतीय न्याय संहितेत आता स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर दिली की ती नोंदवून घेतली पाहिजे, आणि एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. हद्द आमची नाही, हे कारण चालत नाही. कुठल्याही ठाण्यात नोंद होते आणि पुढे वर्ग होते. नोंदवून घ्यायलाच नकार दिला तर तीच खबर लेखी, टपालाने, पोलीस अधीक्षकांना पाठवा, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. एफआयआर झाल्यावर 90 दिवसांच्या आत तपास कुठवर आला ते कळवणं हेही पोलिसांवर बंधनकारक आहे, त्या तारखेला कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

उद्या सकाळी परत जा. सोबत कुणाला तरी न्या, बिलाची झेरॉक्स आणि आयएमईआय नंबर घ्या. शांतपणे बोला, ठाणे अंमलदार रात्रपाळी संपवून बसलेला असतो. अर्ज दोन प्रतींत लिहा, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. सुरुवात अशी करा : 'अमुक तारखेला अमुक वाजता एसटी स्टँडच्या बाहेरच्या दाराजवळ मोटारसायकलवरून आलेल्या दोन अनोळखी इसमांनी माझ्या उजव्या हातातील मोबाइल जबरदस्तीने हिसकावून नेला.' तुमच्या बाबतीत जसं घडलं तसंच लिहा, पायी आले असतील तर पायी. आणि अर्जात 'हरवला' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.